फॅमिली ग्रुप: चँडलरमध्ये घर घेण्याआधी शाळेची हद्द बघा

मंदार (पुणे): सीमाताई, अमेरिकेत ॲरिझोनातल्या चँडलरची बदली पक्की झाली. जूनअखेर पोचतोय. इराची आठवी झाली, म्हणजे तिकडे नववी ना? एजंटने भाड्याची तीन घरं पाठवलीत, तिन्ही चँडलरमध्येच. मग हॅमिल्टन हायस्कूल मिळेल असं धरून चालू का?

सीमाताई (चँडलर): अभिनंदन रे! पण तसं मुळीच धरू नकोस, आणि सही करायच्या आधी तिन्ही पत्ते मला पाठव. इथे गावाची हद्द वेगळी, स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची, वेगळी. पश्चिम चँडलरचा बराच भाग कायरीन डिस्ट्रिक्टमध्ये येतो आणि कायरीनच्या शाळा आठवीपर्यंतच. पुढची हायस्कूलं टेम्पी युनियन नावाच्या दुसऱ्याच डिस्ट्रिक्टची. म्हणजे पत्ता चँडलरचा आणि मुलगी टेम्पीतल्या कोरोना डेल सोलला. उलटंही आहे: पेरी हायस्कूल गिल्बर्टमध्ये, पण चालवतं चँडलर युनिफाइड.

सुनंदाआत्या: एवढ्याशा भागात इतकी डिस्ट्रिक्टं कशाला गं?

सीमाताई: पूर्वापार चालत आलंय, आत्या. फीनिक्समध्ये १८९५ पासून हायस्कूलांचं स्वतंत्र डिस्ट्रिक्ट आहे, फीनिक्स युनियन. त्याच्या हद्दीतली प्राथमिक डिस्ट्रिक्टं डझनभर आणि सगळी वेगळी. प्रत्येकाचं निवडून आलेलं मंडळ, प्रत्येकाचा कर. लास वेगासला मात्र अख्ख्या क्लार्क काउंटीचं मिळून एकच.

नेहा: ताई, पण ओपन एन्रोलमेंट असतं ना? तुम्हीच मागे म्हणाला होतात.

सीमाताई: असतं, १९९४ चा कायदा आहे. हद्दीबाहेरच्या मुलांनाही फी न घेता प्रवेश, पण जागा असेल तर. आधी हद्दीतली मुलं. मागणी असलेल्या शाळांसाठी लोक आदल्या हिवाळ्यातच अर्ज करून बसतात, तुम्ही येणार जूनमध्ये. शिवाय बस बहुधा मिळत नाही. ऑगस्टच्या दुपारी ४२-४३ अंशांत तिला आणायला कोण जाणार, ते आत्ताच ठरवा.

अजितदादा (गिल्बर्ट): बेसिससारख्या चार्टर शाळाही बघ, मंदार. म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण डिस्ट्रिक्टच्या बाहेरच्या शाळा. त्यांनाही फी नाही, हद्द नाही. अर्ज जास्त आले की सोडत.

सीमाताई: बघ, पण इराला विचारून. तिथला अभ्यास फार दाटीचा असतो. माझा लेक घराजवळच्या पब्लिक हायस्कूलमध्येच शिकला. जुलैत सकाळी सकाळी त्यांचा मार्चिंग बँड पार्किंगमध्ये सराव करायचा, प्रत्येकाच्या पायाशी पाण्याचा मोठा थोरला जग. तो लाजरा मुलगा तिथे खुलला. म्हणून कोणी नुसतं रँकिंग बघून शाळा ठरवली की मला वाईट वाटतं.

आणि दादा, तुमच्यासाठी एक. डिस्ट्रिक्टचे ओव्हरराइड, म्हणजे शाळांच्या जादा खर्चासाठी मतदारांची मंजुरी मागणारे प्रस्ताव, नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येतात. मंजूर झाला की सात वर्षं शिक्षकांचे पगार आणि वर्गांतली मुलांची संख्या त्यावर अवलंबून. व्हिसावर असलेल्यांना मत नाही, पण ज्यांना नागरिकत्व मिळालंय ते आपले लोकही कितीतरी वेळा जात नाहीत. यंदा सगळ्यांनी जा. मुलं शिकून बाहेर पडली म्हणून शाळा परकी होत नाही.

अजितदादा: खरं आहे. यंदा जाणार.

मंदार: ताई, पत्ते तुला वेगळे पाठवलेत.

सीमाताई: बघितले. पहिलं कायरीनमध्ये, म्हणजे कोरोना डेल सोल. दुसरं हॅमिल्टनच्या हद्दीत, तिसरं बाशाच्या. तिन्ही शाळा चांगल्या आहेत, पण दुसऱ्या घरापासून शाळा सगळ्यात जवळ. तरी डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकून तूही खात्री कर, हद्दी अधूनमधून बदलतात. लीज, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि गुणपत्रिका हातातल्या बॅगेत ठेव. चँडलर युनिफाइडची शाळा जुलैच्या उत्तरार्धातच सुरू होते. नववीपासूनचे गुण ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजं बघतात त्या गुणपत्रकावर, चढतात, त्यामुळे गणिताचा कुठला वर्ग घ्यायचा ते समुपदेशकाशी बोलून पहिल्याच आठवड्यात ठरवा.

नेहा: दुसऱ्या घराचं आजच एजंटला कळवते. ताई, इराला बँडबद्दल तुमच्या लेकाशी बोलायचंय. शनिवारी फोन केला तर चालेल?

सीमाताई: चालेल. तुमच्याकडे रात्री आठला करा, तो तेव्हा उठलेला असेल.