दोन मिनिटं उभं राहताना : तुमचे अनुभव लिहा

गेल्या २६ जुलैला आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम होता. युद्धात कामी आलेल्या ५२७ जवानांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. अर्धं मिनिटही झालं नसेल, तोच माइकवरून 'धन्यवाद, बसून घ्या' आलं. खुर्च्या वाजल्या, लोक बसले. मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त सुभेदार काका मात्र सावधानमध्ये उभेच. पुढचं भाषण सुरू झालं तरी. दोन मिनिटं पुरी झाल्यावरच ते बसले. मी आधीच बसलो होतो, त्याचं अजून वाईट वाटतं. तुमच्याकडे काय होतं? मनापासून लिहा.

परळ, शिक्षिका
३० जानेवारीला भोंगा १०:५९ ला वाजतो, अकराला थांबतो, ११:०२ ला पुन्हा वाजतो. मधली दोन मिनिटं स्वातंत्र्यलढ्यात प्राण दिलेल्यांची. आमच्या शाळेत भोंगा ऐकू येत नाही, शिपाईमामा टोल देतात. दुसरीच्या मुलांना आम्ही नुसतं 'हाताची घडी, तोंडावर बोट' सांगायचो. मुलं चिमटे काढायची, आम्ही डोळे वटारायचो. एका वर्षी आदल्या दिवशी बाबू गेनूंची गोष्ट सांगितली. १२ डिसेंबर १९३०, काळबादेवी, परदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभा राहिलेला गिरणी कामगार. एकाने विचारलं, "ट्रकवाल्याने ब्रेक का नाही लावला?" दुसऱ्या दिवशी कुणी चिमटा काढला नाही.

कुलाबा
वडील नेव्हल डॉकयार्डात फिटर. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. त्या तारखेला आमच्याकडे जेवणाआधी रेडिओ बंद व्हायचा. वडील पानावर बसायचे, आम्ही ताटाला हात लावायचो नाही. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही. आता वडील नाहीत. आई वरण वाढता वाढता थांबते.

घाटकोपर, आजोळ अपशिंगे (सातारा)
पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण गेले. गेल्या मे महिन्यात स्मारकापाशी माझ्या मुलाने सेल्फीसाठी फोन काढला. मामा रागावला नाही. म्हणाला, "आधी भेटून घे की त्यांना." मग दोघं कितीतरी वेळ तिथं उभे होते.

बोरिवली
लोकलमध्ये अकरा वाजतात तेव्हा गाडी थांबत नाही, थांबूही नये. मी व्हिडिओ बंद करते, एवढंच.

दादर
ज्याचा फोन वाजतो त्याच्याकडे वळून बघू नका, ही विनंती. एकदा माझाच वाजला. आई आयसीयूमध्ये होती, बंद करणं शक्य नव्हतं. अख्खं सभागृह वळलं. शेजारच्या बाईंनी तेवढी माझी पिशवी उचलून दारापर्यंत आणून दिली. तेव्हापासून आमच्या मंडळात मी आधीच सांगते: फोन बंद करा, ज्यांना चालू ठेवणं भाग आहे त्यांनी दाराजवळ उभं राहा, आणि नंतर टाळ्या वाजवू नका. घड्याळ एकाच्याच हातात असतं. दोन मिनिटं म्हणजे पुरी १२० सेकंद.