'तुंबाड'चं कौतुक पुरे, देशावरच्या भीतीचं काय?

प्रीतिसंगम (कराड)

काल 'गणपती पेठ' यांनी इथं यादी टाकली, 'कुणीच न पाहिलेले दहा जबरदस्त भयपट'. पहिल्या नंबरला 'तुंबाड', दुसऱ्याला 'मुंज्या'. खाली शेरा: 'मराठी भय म्हणजे कोकणच. आपल्या देशावर भीती कसली, इथं नुसता ऊस आणि कारखान्याचं राजकारण.' दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण डोकंच फिरलं. आता वाचा.

'तुंबाड' २०१८ ला आला तेव्हा त्याच्याकडं दुर्लक्ष झालं, मान्य. पण २०२४ च्या सप्टेंबरात परत लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त गल्ला भरून गेला. आता त्याला 'बिचारा' म्हणत फिरायचं कारण नाही. 'मुंज्या' तर त्याच वर्षीचा हिट. हे कुणीच न पाहिलेले?

आता देशावरची भीती. विशाल फुरियाचा 'लपाछपी', २०१७. पैसेवाल्यांच्या माणसांना चुकवत एक जोडपं ड्रायव्हरच्या गावी येतं, बायको पोटुशी, घर उसाच्या मधोमध. कंदील नाही, पाऊस नाही, समुद्राची गाज नाही. भर दुपार, ऊन रणरणतंय, चारी बाजूंनी ऊस आणि रस्ता सापडत नाही. उषा नाईक यांची तुळसाबाई मायेनं बोलायला लागली की आपण खुर्चीत मागं सरकतो. फुरियांनीच २०२१ ला त्याचा हिंदीत 'छोरी' केला, ऊस तसाच ठेवून. तेव्हा आपलेच लोक 'काय वेगळी कल्पना आहे' म्हणाले. मराठीत लागला तेव्हा कुठं होता?

आणि 'गहराई', १९८०. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई, लेखनात विजय तेंडुलकर. डॉ. लागू, अनंत नाग, पद्मिनी कोल्हापुरे. बंगळुरात राहणारे साहेब गावाकडची जमीन साबणाच्या कारखान्याला विकून टाकतात, राखणदार विनवतो तिकडं बघत नाहीत आणि इकडं घरात पोरगी बदलायला लागते. पुणे-बंगळूर रस्त्याच्या दोन्ही अंगाला प्लॉट पडतायत त्या आपल्या भागात हा सिनेमा कुणाला ठाऊक नसावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

'हा खेळ सावल्यांचा' तर बोलायलाच नको. १९७६. 'रात्रीस खेळ चाले' सगळ्यांना तोंडपाठ, २०१६ ला त्या नावानं मालिकासुद्धा आली. सिनेमा अख्खा पाहिलेला माणूस मला दाखवा.

गणपती पेठ (सांगली)

दादा, यादी माझी, नंबर माझे. आणि 'लपाछपी' मी थिएटरात बघितलाय, फुकटात नाही. पहिला तास उत्तम. पुढं पुढं पोटातल्या पोरी मारू नका हे सगळं समजावून सांगत बसतात, भीती गेली आणि शाळा भरली. प्रबोधनासाठी आपल्याकडं कीर्तन आहे की. भयपट कसा असावा? 'लेक मंगो' बघा, २००८, ऑस्ट्रेलियाचा. मेलेल्या पोरीच्या घरची माणसं नुसत्या मुलाखती देतायत. कुणी किंचाळत नाही, कुणी दचकवत नाही. तरी घरातले दिवे घालवायची हिंमत होत नाही.

राहता राहिला 'हा खेळ सावल्यांचा', त्यात 'गोमू संगतीनं' आहे. म्हणजे फिरून कोळ्यांकडंच आलात ना तुम्ही!

भडंगवाला

मग 'लेक मंगो' यादीत का नव्हता शेट? तिथं 'मुंज्या' कसा घुसला?

गणपती पेठ (सांगली)

लाइक मिळायला. झालं समाधान?

आडसाली (वाळवा तालुका)

मी 'लपाछपी' बघितला. माझी तक्रार वेगळीच हाय. ती बाई उसातनं पळती. साडी नेसून! ओ, वाढल्या उसातनं बिनकाम्या माणसाला चालता येत नाही, पळतोय कुठला. पानाची धार गालावर बसली की दोन दिवस आंघोळीला पाणी झोंबतं. कुसळं लागतात ती वेगळीच. बाकी वाट चुकायचं म्हणाल तर ते खरं हाय. सरीतनं सरीत शिरलं की आपल्याच रानात माणूस गरगरतं.

आणि देशावर भीती नाही म्हणणाऱ्यांनी आमच्याकडं रात्रपाळीला यावं. पंपाची लाइन आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीची आली की बारा-एकला मोटार चालू करायची आणि पाण्याची दारं धरायला उसात शिरायचं, एका हातात बॅटरी, एका हातात खोरं. शिराळ्यापास्नं कराडपर्यंत बिबट्या उसातच वितोय, तोडीला पिल्लं सापडतात. मागनं पाचट वाजलं की कुत्रं असंल, ससा असंल, नाहीतर तो असंल. तिथं बॅकग्राउंड म्युझिक लागत नाही.

तानपुरा (मिरज)

आडसाली दादा, हा तर सिनेमाच झाला तुमचा.

गणपती पेठ, 'लपाछपी'त शाळा भरली म्हणालात त्यावर बोलते. हा सिनेमा थिएटरात लागला जुलै २०१७ ला. त्याच वर्षी मार्चमध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या आठवड्यात माझ्या सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी ओट्यावर बसून काय बोलत होत्या ते मी ऐकलंय. 'झालं ते वाईट झालं, पण पहिल्या तिन्ही पोरी असल्यावर माणसानं करायचं काय?' ह्याच बायका मला कौतुकानं डिंकाचे लाडू खाऊ घालत होत्या. तुळसाबाई मला पडद्यावर नवी भेटली नाही. तुम्हाला ते भाषण वाटलं असेल. मी पोटुशी असताना पाहिला असता तर अर्ध्यातून उठून आले असते.

गणपती पेठ (सांगली)

ताई, म्हैसाळचं नाव काढलं की समोरचा गप्प बसणार, हे तुम्हालाही माहीत आहे. पण विषय महत्त्वाचा असला म्हणजे सिनेमा चांगला होतो का? खरी घटनाच इतकी भयंकर असेल तर सिनेमात वर भुताची पोरं कशाला लागतात?

तानपुरा (मिरज)

कारण खऱ्या घटनेची बातमी महिन्याभरात पान सातवर गेली. भुताची पोरं अजून लक्षात आहेत. तुमच्यासुद्धा.

वेण्णा लेक (महाबळेश्वर)

सगळे तेंडुलकर आणि ऑस्ट्रेलिया करताय, रामसेंचं नाव कुणी घेत नाही. 'दो गज़ ज़मीन के नीचे', १९७२, आपल्या महाबळेश्वरात शूट झालाय. सगळं कुटुंबच युनिट, भाऊ-भाऊ मिळून कॅमेरा, साउंड, दिग्दर्शन सांभाळायचे. हिंदी भुताचा धंदा ज्यांनी उभा केला ते सातारा जिल्ह्यात येऊन करून गेले आणि आपण त्यांना हसतो. 'पुराना मंदिर' १९८४ चा, त्यातला सामरी आठवून आमच्या पिढीची पोरं परसाकडं एकटी जात नव्हती. जत्रेत तंबूत बघितलाय आम्ही, पडदा वाऱ्यानं हलायचा, त्यामुळं भूत आणखीनच हलायचं. तुमच्या मुलाखतीच्या सिनेमानं कुणाची चड्डी ओली केली आहे का?

प्रीतिसंगम (कराड)

काका, रामसे दुर्लक्षित कसे? लोकांनी डोक्यावर घेतले, फक्त चारचौघांत कबूल केलं नाही.

वेण्णा लेक (महाबळेश्वर)

त्यालाच दुर्लक्षित म्हणतात.

चार भिंती (सातारा)

इतका वेळ वाचत होतो. एकालाही प्रश्न पडू नये याचं नवल वाटतं. हे सगळे सिनेमे शेवटी सांगतात काय? डॉक्टर हरला, मांत्रिक जिंकला. ज्या सातारच्या डॉ. दाभोलकरांनी आयुष्य अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात घातलं, २० ऑगस्ट २०१३ ला ज्यांचा त्यापायी खून झाला, त्यांच्याच गावात बसून आपण 'कुठल्या भुताला जास्त न्याय मिळाला पाहिजे' यावर चर्चा करतोय. तो माणूस गेल्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा बुवाला धरेल, पण लोकांच्या डोक्यात बुवा घालतो कोण? 'गहराई'त डॉक्टरांचे उपाय थकले की दारात मांत्रिकांची रांग लागते. यात दुर्लक्षित राहिलं ते बरंच झालं.

प्रीतिसंगम (कराड)

'गहराई' पाहिला आहे का? पाहिला असता तर अमरीश पुरीचा मांत्रिक आठवला असता. तो पोरीचं भलं करायला आलेला नसतो. इतका किळसवाणा बुवा हिंदी पडद्यावर दुसरा नसेल. हतबल बाप कुणालाही घरात कसा घेतो हे त्यातून कळतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरात दाखवावा असा सिनेमा आहे तो.

चार भिंती (सातारा)

आणि पोरगी खरंच झपाटलेली असते की नाही? हो का नाही, एवढंच सांगा.

प्रीतिसंगम (कराड)

सिनेमात असते. सिनेमात माणसं बागेत गाणीही म्हणतात.

चार भिंती (सातारा)

हसण्यावारी नेऊ नका. आमच्या आत्याला फिट यायच्या. खटाव तालुक्यातलं गाव. अंगात आलंय म्हणून अमावास्येला भगताकडं न्यायचे, धुरी द्यायचे, छडीनं मारायचे. हे सगळं मी दारात उभा राहून बघितलंय, शाळेत होतो. घरातले एकमेकांना दाखले कशाचे द्यायचे माहीत आहे? सिनेमाचे. 'त्या पिक्चरमधे नाही का, डॉक्टर थकले आणि बाबानं उतरवलं.' शेवटी मिरजेला नेली, गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या. तोवर तिचं लग्न मोडलं होतं. तुमच्यासाठी ती करमणूक असेल.

वेण्णा लेक (महाबळेश्वर)

आत्याबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण साहेब, भगत सिनेमाच्या आधीपासून आहे. थिएटर नाही अशा गावात तर तो जास्तच आहे.

भडंगवाला

ह्या हिशेबानं 'झपाटलेला' बघून १९९३ पासून महाराष्ट्रात किती लोकांनी बाहुल्या जाळल्या म्हणायच्या? ओम फट् स्वाहा.

चार भिंती (सातारा)

तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणूनच आम्हाला काम पुरतंय.

भडंगवाला

'तुमच्यासारखी' म्हणजे कशी? मी देवाला नारळसुद्धा फोडत नाही ओ. तुम्ही मोर्चात होता तेव्हा मी पण होतो, सांगलीत. फक्त मला हसायला येतं, तुम्हाला येत नाही.

तानपुरा (मिरज)

दोघंही थांबा जरा. चार भिंती दादा, तुमच्या आत्याचं जे झालं तोच सिनेमा आहे. छडी, धूर आणि दारात उभं असलेलं शाळकरी पोरगं. भूत कशाला पाहिजे त्यात? पण कुणी तसा काढला तर तुम्ही त्यालाही 'अंधश्रद्धा' म्हणून बाजूला टाकाल, अशी मला शंका आहे. इराणी पार्श्वभूमीचा एक आहे, 'अंडर द शॅडो', २०१६ चा. तेहरानवर क्षेपणास्त्रं पडतायत, डॉक्टर व्हायचं स्वप्न तुटलेली बाई मुलीला घेऊन घरात अडकली आहे. घरात जिन्न आहे की तिचं डोकं फिरलंय, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. तो बघा आणि मग विवेकावर बोलू.

चार भिंती (सातारा)

बघेन. पण शेवटी जिन्न निघाला तर वेळ भरून द्यायची तुम्ही.

आडसाली (वाळवा तालुका)

ते जिन्नाचं राहू द्या, भुताला भिणारा माणूस रात्री दारं धरू शकत नाही हे मी सांगतो. गेल्या हंगामात शेजारच्या रानातल्या पोराला उसात पांढरं काहीतरी दिसलं, तापानं फणफणला. सकाळी बघतोय तर खताचं रिकामं पोतं पाचटीला अडकलेलं. आता ह्यात अंधश्रद्धा कुणाची? पोराची, का रात्री दोनला लाइन सोडणाऱ्याची? आम्हाला दिवसा आठ तास लाइट द्या, अर्धी भुतं आपोआप जातील. यावर कोण सिनेमा काढणार असंल तर लोकेशन फुकट देतो. चहा पण माझा.

गणपती पेठ (सांगली)

हा धागा आता वीज मंडळाकडं पाठवा.

असो. काल रात्री 'गहराई' लावला. प्रिंट भिकार, आवाज डब्यातून आल्यासारखा. मध्ये पाऊण तास रेंगाळतो. पण पद्मिनी कोल्हापुरे... किती लहान होती ती तेव्हा. आणि जमिनीच्या सौद्यावरची बोलणी ऐकताना माझे काका डोळ्यासमोर आले. रस्त्याकडेची तीन एकर विकली आणि तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही. त्यामुळं ठीक आहे, यादीत घेतो. सहाव्या नंबरला.

प्रीतिसंगम (कराड)

सहाव्या! उपकार झाले. पाच नंबरला काय ठेवलंय?

गणपती पेठ (सांगली)

'रात', १९९२, रामगोपाल वर्मा. रेवती एकटी थिएटरात बसलेली असते तो सीन बघा आणि मग नंबरावर भांडा. 'लपाछपी' अजूनही यादीत नाही. ताईंनी कितीही सांगितलं तरी.

तानपुरा (मिरज)

राहू दे बाहेर. तुमच्या यादीत आला की लोक तो 'कुणीच न पाहिलेला' म्हणून बघतील आणि परत मुंज्याच लावतील.

वेण्णा लेक (महाबळेश्वर)

आणि रामसे कितव्या नंबरला?

गणपती पेठ (सांगली)

काका, 'वीराना' परत एकदा सलग बघून दाखवा, फॉरवर्ड न करता. मग बोलू.

वेण्णा लेक (महाबळेश्वर)

शनिवारी बघतो. तुम्ही पण या, चड्ड्या जास्तीच्या आणा.