म्हाताऱ्यांना फिजिओथेरपी : गरज की शहरी चोचले?

पाखाडीवाला (दापोली)
आईच्या खुब्याचं ऑपरेशन झकास झालं. डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ: ‘फिजिओथेरपी चालू ठेवा.’ कुठे? फिजिओ २२ किलोमीटरवर, घर ३२ पायऱ्यांच्या पाखाडीखाली. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट, पण एसटीपर्यंत नेणार कोण? मी मुंबईत. तीन महिन्यांत आई खाटेला खिळली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी-सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१पेक्षाही कमी भरली. तरुण गेले, म्हातारे उरले. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड आहे, पण ते भरती झाल्यावरच्या खर्चाला. माझं म्हणणं, घरी येणारा फिजिओ हा ऑपरेशनचाच भाग धरा.

खळ्यातला (कुडाळ)
आमच्या आजयेक खंय होतो फिजिओ? चौऱ्याऐंशीव्या वर्षी विळीवर बसून नारळ खवायची. रबरी पट्टे ओढायला पाचशे रुपये भेट. आठवड्याला तीन म्हणजे महिन्याचे सहा हजार. त्यापेक्षा तेल लावून शेक द्या.

फिजिओताई
आजीचं विळीवर बसणं-उठणं हाच तिचा व्यायाम होता. तो सुटला की मांड्या वाळतात, तोल जातो. तेलाने बरं वाटतं, ताकद येत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ६५च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम सांगते. पट्टा नसला तरी चालतं. खुर्चीतून हात न टेकता उठणं, बस. आणि पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. निम्मे पेशंट नेमकं उलटं करतात.

खळ्यातला
बरोबर असेल. पण आमच्या शेजारी येणारी फिजिओ जुलैत बंद झाली. वहाळ भरला, स्कूटी अलीकडे. तुमच्या योजनेत पावसाळा आहे का?

पाखाडीवाला
म्हणून तर म्हणतो, वाडीतल्या आशाताईंनाच शिकवा.

आशा (राजापूर)
शिकवा की! पण आधी हातातली रजिस्टरं काढून घ्या. आणि म्हातारी पडली तर बोल कोणाला? मोडलेल्या हाडाला हात लावायला मी धजणार नाही.

फिजिओताई
हे खरंय. पहिल्या दोन-तीन भेटी आमच्याच हव्यात. पाखाडीवाले, आईंना धरून उभं करता येतं का अजून? आणि पायऱ्यांना कठडा?

पाखाडीवाला
दोघांनी धरलं तर उभी राहते. कठडा नाही.

खळ्यातला
कठड्याच्या पाइपाला माझे दोन हजार धरा. फिजिओबद्दलचं मत तेच.