सल्ला हवा: दादाच्या स्मरणप्रार्थनेत पाच मिनिटांत काय वाचू?

ओलीवही
शनिवारी दादाची स्मरणप्रार्थना आहे. वय ३४. दीड वर्ष आजारी होता आणि दीड वर्ष आम्ही रोज प्रार्थना केली. पाळकांनी मला शास्त्रवाचन करून दोन शब्द बोलायला सांगितलंय. वेळ पाचच मिनिटं, माझ्यामागून आणखी तिघं आहेत. स्तोत्र २३, "परमेश्वर माझा मेंढपाळ", अंत्यविधीला झालं, ते नको. आई पहिल्याच बाकावर असेल. "तो आता चांगल्या ठिकाणी आहे" असं कुणी म्हटलं की ती उठून जाते. मला खोटं बोलायचं नाही आणि विश्वास सोडल्यासारखंही बोलायचं नाही. काय वाचू?

मोहरीदाणा
देव तुम्हा सगळ्यांना धीर देवो. तरी स्तोत्र २३ च घ्या म्हणेन, पुन्हा वाचल्यानं ते झिजत नाही. बाबा गेले तेव्हा आम्ही तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं: सुरुवातीला मेंढपाळाविषयी "तो" म्हणून बोलणारा माणूस मृत्युच्छायेच्या दरीत शिरला की "तू" म्हणायला लागतो. तू माझ्याबरोबर आहेस. त्या आठवड्यात मला एवढंच पुरलं.

जुनी घंटा
१ करिंथ, म्हणजे पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय १५. अख्खा, ५८ वचनं. सासऱ्यांच्या वेळी मी पूर्ण वाचून वर वीस मिनिटं बोललो, लोक अजून आठवण काढतात. पाच मिनिटांत पुनरुत्थान कसं सांगणार? पाळकांकडून वेळ वाढवून घ्या. आपल्याच लोकांना वाटतं की आशा म्हणजे आत्मा वर निघून जाणं. मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, आपण देहाचं पुनरुत्थान म्हणतो! पौल ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो. पहिली पेंढी हाती आली, म्हणजे बाकीचं पीक शेतात उभं आहे. आणि ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, हेही तो स्वतःच लिहितो. कुठं लपवाछपवी नाही.

पायवाट
माझी चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. आमची मुलगी गेली तेव्हा पौलाच्याच पत्रातलं १ थेस्सल ४ वाचलं गेलं, तेही घाईघाईत. यजमानांनी त्यातून "शोक करू नका" एवढंच घेतलं. वर्षभर रडले नाहीत, मग आजारीच पडले. पौल तसं म्हणतच नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं म्हणतो. शोक आहेच.
योहान ११ बघा. मार्था आणि मरीयेचा भाऊ लाजर कबरेत जाऊन चार दिवस झालेले. त्याला उठवणार हे येशूला ठाऊक आहे, तरी तो रडतो. आणि मार्था, मरीया दोघी वेगवेगळ्या येऊन एकच बोलतात: तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो दोघींपैकी एकीलाही गप्प करत नाही. तुम्हीही बहीणच आहात.

कोरादिवा
देहाचं पुनरुत्थान म्हणता, तर दहन केलेल्यांचं काय? आमच्या घरात यावरून दोन वर्षं अबोला आहे.

जुनी घंटा
दफनच योग्य. प्रभूलाही कबरेत ठेवलं होतं.

साधीवात
इतकं सरळ नाही ते. कॅथलिक चर्चनं १९६३ मध्येच दहनाला मुभा दिली. पसंती दफनालाच आहे, आणि २०१६ च्या सूचनेप्रमाणे राख विखरायची नाही, पवित्र जागी ठेवायची. पण जे समुद्रात बुडाले, जे रक्तसाक्षी जाळले गेले, त्यांना उठवणाऱ्या देवाला राख का अवघड जावी? कोरादिवा, घरच्यांशी बोला.
ओलीवहीताई, दादासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची मुख्य उपासना, ठेवलीय का? माझ्या आईसाठी दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ठेवते. तिच्यासाठी अजून काही करता येतं, याचा मला फार आधार आहे.

जुनी घंटा
आमच्याकडे मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. ते देवाच्या हाती आहेत, त्यात आपण काय भर घालणार?

ओलीवही
दादाचं दफन झालंय. आम्ही प्रॉटेस्टंट आहोत. कृपया वाचनाबद्दल सांगा.

उशिराचापाऊस
मीही स्तोत्र २३ म्हणेन. नाहीतर प्रकटीकरण २१, देव डोळ्यांतले अश्रू पुसतो ते. अश्रू होते हे तिथं मान्य केलंय.

निःशब्द
काहीच वाचू नका. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्यापाशी गप्प बसले, तोवर ठीक होते. तोंड उघडलं आणि चुकले. वाचायचंच तर स्तोत्र ८८. ते अंधारावर संपतं, शेवटी उजेड नाही. बायको गेल्यावर सगळे मला विजयाची गाणी ऐकवत होते. असं स्तोत्रही शास्त्रात आहे हे कळल्यावरच मी पुन्हा मंदिरात पाऊल टाकलं.

मोहरीदाणा
पण आईसमोर अंधारावर थांबायचं?

पायवाट
योहान ११ मध्ये दोन्ही आहे, पुन्हा सांगते. २५ वं वचन, "मीच पुनरुत्थान व जीवन आहे", मात्र सावकाश वाचा.

ओलीवही
सगळ्यांचे आभार. पायवाटताई, तुमचं उत्तर मी पाच-सहा वेळा वाचलं. योहान ११ जवळजवळ ठरलंच होतं. पण तिथं भाऊ उठून बाहेर येतो. आईसमोर ते वाचायचं धाडस मला होत नाही.
मी लूक २४ घेतेय, अम्माऊसची वाट, १३ ते ३५. घरी वाचून पाहिलं, साडेतीन-चार मिनिटं लागतात. येशूला क्रुसावर मारल्यानंतर त्याचे दोन शिष्य त्या वाटेनं चाललेत. ते दोघं म्हणतात, आम्हाला आशा होती. होती. आई दीड महिना हेच म्हणतेय. आणि उठलेला येशू ओळख न देता त्यांच्या सोबत चालतो. तुम्ही कशाबद्दल बोलताय, असं विचारतो आणि आधी त्यांचं सगळं ऐकून घेतो. समजावतो ते नंतर. भाकर मोडेपर्यंत ते त्याला ओळखत नाहीत, पण तो वाटेत होताच.
आधी त्या "आशा होती"वर, २१ व्या वचनावर थांबणार होते. काल रात्री आईला तेवढंच वाचून दाखवलं. ती उठून गेली नाही. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "अगं, पुढचं वाच की."