मदत हवी आहे: प्रोसेसलिस्टमध्ये झोपलेल्या कनेक्शनची रांग

नमस्कार मंडळी. एक जुना माय-एसक्यूएल ८.० चा डेटाबेस गळ्यात पडलाय, माहिती लिहून ठेवलेली शून्य. 'शो टेबल्स', 'शो क्रिएट टेबल' मारत रचना कशीबशी उलगडली. 'शो टेबल स्टेटस'मधला ओळींचा आकडा आणि 'काउंट' जुळेनात म्हणून आधी घाबरलो, पण इनोडीबीत (टेबलं साठवणारं इंजिन) तो नुसता अंदाज असतो म्हणे. सुटलो.

खरी अडचण पुढेच आहे. दुपार झाली की ॲप 'टू मेनी कनेक्शन्स' म्हणून अडून बसतं. मॅक्स कनेक्शन्स (एका वेळी किती कनेक्शनं चालतील ती मर्यादा) मूळचंच, १५१. 'शो फुल प्रोसेसलिस्ट' (चालू कनेक्शनची यादी) बघितली तर ओळीमागून ओळ 'स्लीप', म्हणजे उघडी पण काहीच न करणारी कनेक्शनं, आणि टाइमच्या रकान्यात सहा-सात हजार सेकंद! वेट टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती सेकंदांनी आपोआप तुटावं तो आकडा) २८८००, म्हणजे चक्क आठ तास. 'सेट ग्लोबल'ने तो ६०० केला, तरी आधीची कनेक्शनं जागची हललेली नाहीत.

ती एकेक करून 'किल' केली तर चालेल का? त्यातल्या एखाद्याने ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे बदल) उघडं ठेवलं असेल तर ते कुठे दिसतं? नुसती मर्यादा वाढवा एवढंच नका सांगू, कनेक्शनं उघडून बंद न होण्याची ही गळती नेमकी कुठून होतेय ते शोधायचंय.