मदत हवी आहे: दुसरी आणि चौथी, दोघांचा अभ्यास घरी एकत्र कसा घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

मुलगी दुसरीत, मुलगा चौथीत. सध्या दोघांचा अभ्यास घरीच घ्यावा लागतोय. सकाळ बरी जाते. वजाबाकीसाठी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवलेत. ५२ मधून १७ काढायचे, तर दोन सुट्या काड्यांतून सात निघत नाहीत. मग ती स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढते, बारा सुट्या काड्या करते आणि ३५ वर येते. 'दशक सुटा कर' हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी डोक्यात शिरत नव्हतं.

अडचण अशी, की ती मोजत असतानाच दादा उत्तर सांगून मोकळा होतो! म्हणून त्याला वेगळं काम दिलं: उन्हात काठी उभी करायची, दर तासाला सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची, लांबी मोजायची. दुपारपर्यंत सावली आखडत गेली, नंतर पुन्हा लांबली. स्वारी खूश. पण 'का ते चार ओळींत लिही' म्हटलं की लगेच पोट दुखतं. तोंडी विचारा, थांबायचा नाही.

तर, दोघांना आपापल्या इयत्तेप्रमाणे करता येईल असा एकच उपक्रम कुणी घेतलाय का? आणि लिहायचा कंटाळा कसा घालवलात? वर्कशीट कृपया सुचवू नका, त्यांचा ढीग पडलाय. दुपारनंतर दोघंही पेंगुळतात, तेव्हा बसून करायचं काही नसलं तर उत्तम.