एकाच आयसोलेटमध्ये प्लेटवर एलएल-डॅप, ब्रॉथमध्ये मेसो-डॅप. असं होतं का?

बार्शीची_माती:
एम.एस्सी. मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट चालू आहे. आमच्याच रानातली, तूर काढल्यावरची काळी माती स्टार्च केसीन अगारवर लावली, अकरा ॲक्टिनोमायसिट्स (बुरशीसारखे तंतू धरणारे जिवाणू) वेगळे काढून मिळाले, हे माझे आयसोलेट. सात नंबरचा दिसायला अगदी स्ट्रेप्टोमायसिस: खडूच्या भुकटीसारखी कॉलनी, झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास. पेशीभित्तिकेतलं डायअमिनोपिमेलिक ॲसिड (डॅप) कागदी क्रोमॅटोग्राफीने तपासलं; ते एलएल रूपात आहे की मेसो, यावरून वंश ओळखतात. प्लेटवरून खरवडलेल्या वाढीत एलएल-डॅपचा ठळक डाग आला. खात्रीसाठी शेकरवरचा तीन दिवसांचा ब्रॉथ (द्रव माध्यमातली वाढ) घेतला तर मेसो! परत केलं, परत तेच. आता प्लेटच्या नमुन्यातही एलएलच्या मागे मेसोचा फिकट डाग दिसतोय. गाईड म्हणतात कंटॅमिनेशन आहे, टाकून दे. चार महिने सांभाळलेला आयसोलेट आहे, टाकवत नाही. याला स्ट्रेप्टोमायसिस म्हणू की नोकार्डिया?

निनहायड्रिन:
गाईडची शंका रास्त आहे, आधी तीच फेडा. स्पोअर (बीजाणू) पातळ करून पसरवा, सुटी एक कॉलनी उचला, असं तीनदा करा आणि मग दोन्ही नमुने त्याच कॉलनीपासून वाढवा. शिवाय डॅपचं स्टॅन्डर्ड (तुलनेसाठी लावतात तो नमुना) तपासा. बाजारात मिळतं ते बहुधा मिश्रण असतं, त्याचेच दोन डाग पडतात. डाग ओळखायची खूण म्हणजे डॅप आधी हिरवट उमटतं आणि हळूहळू पिवळं होतं. बाकीची अमिनो आम्लं जांभळी, आणि ती पुढे पळतात.

पिंपरीचे_काका:
बाळ, टाकू नकोस. मी पिंपरीत अँटिबायोटिकच्या कामात उभी हयात घालवली, आणि तू लिहिलंस ते वाचून रात्री उठून उत्तर लिहायला बसलो.

स्ट्रेप्टोमायसिसच्या भित्तिकेत एलएल-डॅप आणि ग्लायसीन. नोकार्डियात मेसो-डॅप, सोबत अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज. पण दोन्ही डॅप बाळगणारा एक वंश आहे, किटासाटोस्पोरा. ओमुरांच्या जपानी गटाने तो १९८२ साली मांडला. त्याच्या हवेतल्या तंतूंत आणि स्पोअरमध्ये एलएल, तर अगारात रुतलेल्या किंवा ब्रॉथमध्ये वाढलेल्या तंतूंत मेसो. तुझी प्लेट खरवडताना खालचे तंतूही थोडे आले असणार, म्हणून तो फिकट डाग. १९९२ साली हा वंश स्ट्रेप्टोमायसिसमध्ये विलीन केला होता, १९९७ साली पुन्हा वेगळा काढला. म्हणजे जाणकारांनाही तो सहजासहजी सुटला नव्हता.

आता करायचं काय? पिकलेल्या प्लेटवर ट्वीन (साबणासारखं द्रव्य) घातलेलं पाणी ओतून स्पोअर सोडव आणि कापसाच्या बोळ्यातून गाळ. तंतू बोळ्यात अडकतात, स्पोअर खाली उतरतात. ब्रॉथ मात्र कोवळा घे, कारण जुन्या ब्रॉथमध्येही स्पोअर धरतात आणि एलएल दिसू लागतं. दोन्ही नमुने सहा नॉर्मल एचसीएलमध्ये रात्रभर शंभर अंशांवर ठेव, एकाच कागदावर शेजारी शेजारी चालव.

साखर वेगळी काढ, आणि ती सौम्य आम्लात दोनच तास. रात्रभराच्या आम्लात साखर जळून जाते. ही चूक मी स्वतः वर्षभर केली आहे. गॅलॅक्टोज आहे आणि अरॅबिनोज नाही, असं आलं तर नोकार्डिया बाद. ग्लायसीनवर मात्र विसंबू नकोस. अख्ख्या पेशीतलं ग्लायसीन प्रथिनांतूनही येतं, भित्तिका शुद्ध केल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

नुसत्या दिसण्यावर नाव देऊ नये हे पिंपरीनेच मला शिकवलं. आमच्या पिंपरीच्याच तिरुमलाचार यांनी १९५५ साली चैनिया हा वंश वर्णिला, पेनिसिलिनवाल्या चेन यांच्या नावाने. त्याच्या तंतूंच्या गाठी, म्हणजे स्क्लेरोशिया, बघून तो वेगळाच वाटायचा. भित्तिका तपासली तर एलएल-डॅप आणि ग्लायसीनच. १९८६ साली त्याच्या प्रजाती स्ट्रेप्टोमायसिसमध्ये गेल्या. आम्हाला वाईट वाटलं, पण ते बरोबर होतं.

बार्शीची_माती:
काका, तीन आठवड्यांनी लिहितेय. एकाच कॉलनीपासून सगळं पुन्हा केलं. कापसातून गाळलेल्या स्पोअरमध्ये फक्त एलएल. दोन दिवसांच्या ब्रॉथमध्ये फक्त मेसो. साखरेच्या कागदावर ॲनिलीन थॅलेट फवारलं, गॅलॅक्टोजच्या जागी तपकिरी डाग आला, अरॅबिनोजची जागा कोरी. गाईडनी तो कागद स्वतः खिडकीशी धरून बघितला आणि १६एस (जनुकाचा क्रम वाचून ओळख पटवणं) करायला परवानगी दिली. डीएनए उद्या काढतेय. स्पोअर ग्लिसरॉलमध्ये घालून दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवलेत.

पिंपरीचे_काका:
शाब्बास. तो कागद वहीत चिकटव, पण आधी पेन्सिलीने डागांभोवती गोल काढ. डॅपचा रंग पुसट होत जातो.